प्रश्न फक्त चिठ्ठीवर

पुढारी माणूस पुस्तक लिहायला बसला की समजावं, एक तर निवडणूक जवळ आलीय किंवा नुकतीच हातची गेलीय. आमच्या भाऊंच्या बाबतीत दोन्ही खरं होतं. मागची गेली होती, पुढची यायची होती आणि मधल्या रिकाम्या वेळात त्यांनी दोनशे पानांचं पुस्तक लिहून काढलं. लिहून काढलं म्हणजे कुणाकडून तरी लिहून घेतलं असणार, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. पद गेलं तरी भाऊंचं वजन गेलेलं नव्हतं. त्यांचा फोन आला की अजूनही वरच्या ऑफिसातले साहेब खुर्चीतून उठून बोलत.

पुस्तकाचं नाव मी सांगत नाही. मुखपृष्ठावर ‘आपण’ हा शब्द एवढा मोठा छापला होता, की उरलेल्या जागेत मावावं म्हणून भाऊंना फोटोत तिरकं उभं केलं होतं. सांगणं असं, की गावात आता ‘आपण’ राहिलं नाही, जो तो आपल्या दाराला कडी लावून बसलाय. तर सगळ्यांचं म्हणून काहीतरी पुन्हा उभं राहावं आणि ते सगळ्यांनी मिळून सांभाळावं. विषय चांगलाच होता हो. चांगल्या विषयाची हीच पंचाईत असते, त्याला नाही म्हणायला तोंड उघडत नाही.

मी कोण, तर नाशकातल्या एका लहानशा वाचनालयाची कार्यवाह. नोकरी झाली टेलिफोन खात्यात. ऐन विशीत एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड. नामपूरच्या कांदा व्यापाऱ्याला मुंबई जोडून द्यायची, सायखेड्याच्या पाटलाला त्याचा पुण्यातला लेक शोधून द्यायचा. ‘बोला, लागलाय,’ एवढं म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. पुढे मशीन आली, बोर्ड गेले, माझा आवाज तेवढा शिल्लक राहिला. निवृत्त झाल्यावर त्या आवाजाच्या जोरावर मी आमच्या भागातली सूत्रसंचालिका झाले. हळदीकुंकवापासून शोकसभेपर्यंत माइक माझ्याच हातात. या गोष्टीचा मला गर्व होता, लपवत नाही.

वाचनालय द्वारका चौकाच्या अलीकडे, जुन्या वस्तीत. खाली दोन खोल्या पुस्तकांच्या आणि वर गच्चीवर पत्रे टाकून केलेली अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांची पोरंपोरी तिथे दिवसभर बसत. एप्रिल-मेमध्ये पत्रे असे तापत, की पोरं ओला रुमाल डोक्यावर घेऊन राज्यघटना पाठ करत. एक मुलगी दुपारी चक्कर येऊन पडली, तिला मी माझ्या हाताने लिंबू-पाणी पाजलंय. तिथे पक्कं छत व्हावं म्हणून मी तीन वर्षं अर्ज करत होते. प्रत्येक अर्जाला एकच उत्तर यायचं, ‘भाऊंचं शिफारसपत्र जोडा.’

आणि भाऊंचं पत्र मिळायचं कसं? तर भाऊंच्या पुस्तकावर भाऊंचंच व्याख्यान ठेवून. ही आयडिया त्यांच्या पीएची. तरुण, गोरागोमटा, सारखा दोन फोनवर बोलणारा. एके दिवशी तो पुस्तकाच्या पन्नास प्रती घेऊन दारात उभा. ‘ताई, लेखक आपल्या भेटीला, असा कार्यक्रम करू. शेवटी स्टेजवरच भाऊ तुमचं पत्र तुमच्या हातात देतील. फोटो पण छान येईल.’ मी म्हटलं, घ्या, आपल्याला काय, तासभर ऐकून घ्यायचं आहे. आजवर काय कमी ऐकलंय?

आता चाचांबद्दल सांगते. चाचा म्हणजे आमचे बाइंडर. वाचनालयाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक ओटा, त्यावर खळीचं भांडं, पुठ्ठे, दाभण, सुई-दोरा. पंचवीस वर्षं आमच्या फाटक्या पुस्तकांना तेच जिल्द बांधतात. मला ताई म्हणतात, मी त्यांना चाचा म्हणते, वय दोघांचंही जवळपास सारखंच. शिवता शिवता वाचायची त्यांना सवय. माझ्या समितीतल्या सदस्यांनी मिळून जेवढी पुस्तकं वाचली नसतील तेवढी या माणसाने शिवताना वाचली असतील. जिल्दीच्या पाठीवर पुस्तकाचं नाव ते स्वतः टाकतात, मोत्यासारख्या अक्षरात.

भाऊंचं पुस्तक दिसायला देखणं, पण बांधणी अशी, की दुसऱ्यांदा उघडलं की पानं मांडीवर. सगळ्यांनी एकत्र राहावं असं सांगणाऱ्या पुस्तकाची पानंच एकमेकांशी राहायला तयार नव्हती. मी दोन प्रती चाचांकडे टाकल्या. आठवड्याने ते घेऊन आले आणि म्हणाले, ‘ताई, चांगलं लिहिलंय. आपल्या शाळेचं पण आहे त्यात. वाचलं का?’

वाचलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सरकारी प्राथमिक शाळा होती. चार वर्ग, एक चिंच, पाण्याची टाकी. भाऊ त्याच शाळेत शिकले. पुस्तकातलं तेवढं एक प्रकरण खरोखर छान होतं, ते बहुधा त्यांनी स्वतः लिहिलं असावं. बस्करपट्टीवर शेजारी बसणारा अत्ताराचा मुलगा, त्याच्या डब्यातला शिरखुर्मा, ह्यांच्या डब्यातली पुरणपोळी. पट्टीचं एक टोक फाटलेलं होतं, तिथे रोज वेगळ्याने बसायचं असा नियम पोरांनीच केला होता म्हणे. मला ते वाचताना गलबलून आलं होतं.

चाचांना भाऊंच्या आठवणींशी देणंघेणं नव्हतं. त्यांची आठ वर्षांची नात त्याच शाळेत तिसरीत होती. आणि ती शाळा बंद व्हायच्या बेतात होती. पटसंख्या कमी, म्हणून पोरं दुसऱ्या शाळेत हलवायची, असा कागद वरच्या ऑफिसात तयार होता. सही येत्या सोमवारी. दुसरी शाळा काही लांब नव्हती, पण ती होती द्वारकेच्या पलीकडे. ज्याने द्वारका चौक पाहिलाय त्याला पुढे काही सांगायला नको. डोक्यावरून उड्डाणपूल, खालून ट्रक, बस, रिक्षा, टेम्पो, कुठून कोण येईल त्याला नेम नाही. मोठी माणसं तिथे देवाचं नाव घेऊन पाऊल टाकतात. चाचांचा मुलगा टेम्पोवर पहाटेच बाहेर पडायचा, सून सातला शिलाईच्या कारखान्यात. राहिले चाचा. त्यांचा एक डोळा मागच्या वर्षी गेला होता.

‘ताई, जिल्द बांधायला एक डोळा पुरतो,’ ते म्हणाले, ‘द्वारका ओलांडायला दोन पण कमी पडतात. पोरीला नाही पाठवणार मी. आईबरोबर कारखान्यात जाईल, धागे कापत बसेल. एकदा बसली की बसली.’

मी म्हटलं, ‘अहो, काहीतरी होईल.’ आपण म्हणतो ना तसं.

कार्यक्रम शनिवारी. म्हणजे सोमवारच्या आधी दोन दिवस. भाऊंनी स्टेजवरून चार माणसांत नुसतं म्हटलं असतं, की ही शाळा राहील, तर ती राहिली असती. हे मला ठाऊक होतं, चाचांना ठाऊक होतं आणि पीएला तर सगळ्यात जास्त ठाऊक होतं. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. ‘ताई, प्रश्नोत्तरं ठेवू या, भाऊंना आवडतं. फक्त शाळेचा विषय तेवढा नको. तिथे जरा वेगळं काहीतरी चाललंय. तुमचं पत्र तयार आहे बरं का, भाऊंच्या खिशातच असणार.’ धमकी नाही, दम नाही. इतक्या गोड आवाजात मला आजवर कुणी वरणभातही वाढला नव्हता.

प्रश्न चिठ्ठीवर घ्यायचे ही आमची जुनी पद्धत. ती मीच सुरू केली. मागे एका व्याख्यानात प्रश्न विचारतो म्हणून एका गृहस्थाने माइक घेतला आणि स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी हकिकत सांगितली, वक्ते बिचारे हातात पाण्याचा ग्लास धरून उभे. तेव्हापासून नियम, की प्रश्न फक्त चिठ्ठीवर, चिठ्ठ्या सूत्रसंचालिकेकडे, ती वाचणार. लोक या नियमाचं कौतुक करत. मीही करत होते.

शनिवारी शेजारचं समाजमंदिर गच्च भरलं. पुस्तकावरच्या व्याख्यानाला एवढी गर्दी पाहून माझा ऊर भरून आला, तेवढ्यात बाहेर उभ्या असलेल्या दोन ट्रॅक्स गाड्या दिसल्या आणि ऊर जागेवर आला. सायखेड्याकडून माणसं आणली होती. एक म्हातारे बाबा माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, ‘ताई, जेवण हाय का नाय? नाय म्हंजे आमाला सांगितलंय हाय म्हणून.’ मी म्हटलं, बाबा, चिवडा आहे आणि पेढा आहे. ते म्हणाले, ‘मग लय येळ लावू नका.’ त्या सभागृहात खरं बोलणारा माणूस मला तो एकच भेटला.

स्टेजवर आठ खुर्च्या ठेवल्या होत्या आणि मान्यवर निघाले चौदा. ‘आपण’ या विषयावरच्या कार्यक्रमात कोण कुणाशेजारी बसणार यावरून वीस मिनिटं गेली. दोघांना एकमेकांचं तोंड पाहायचं नव्हतं, तिसऱ्याला भाऊंच्या उजव्या हाताचीच खुर्ची हवी होती. शेवटी खालून प्लॅस्टिकच्या खुर्च्या वर चढवल्या आणि आमच्या अध्यक्षांना विंगेत बसवलं. मग दीपप्रज्वलन. पंखे सुरू असल्याने ज्योत राहीना, पंखे बंद केले तर मान्यवर राहीनात. मग सत्कार. शाल, नारळ, पुस्तक. पुस्तक अर्थात भाऊंचंच. भाऊंनाही भाऊंचंच पुस्तक भेट दिलं गेलं आणि त्यांनी ते पहिल्यांदा बघत असल्यासारखं कौतुकाने चाळलं. दोन पानं खाली पडली, ती पीएने उचलली.

पण भाऊ बोलले मात्र झकास. उगाच कशाला नावं ठेवू? कागद नाही, टिपण नाही, दोन्ही हात मोकळे. म्हणाले, पूर्वी गल्लीत एकाच्या घरी लग्न असलं की सगळ्यांच्या घरातल्या सतरंज्या बाहेर यायच्या. आता मांडववाल्याला फोन लावला की झालं, शेजाऱ्याला पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर. मग शाळेच्या बस्करपट्टीचं सांगितलं. फाटक्या टोकाशी रोज वेगळ्याने बसायचं, हे सांगताना त्यांचा आवाज अडकला. खरंच अडकला, मला नाटक ओळखू येतं. पुढच्या रांगेत बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दुसऱ्या रांगेत कडेला चाचा बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, मांडीवर नात. तिला बहुतेक लाडू वगैरे मिळेल असं सांगून आणलं असावं, ती सारखी दाराकडे बघत होती.

शेवटी भाऊ म्हणाले, ‘माझं एकच मागणं आहे. प्रश्न विचारा. मला विचारा, उभं करून विचारा. ज्या गावाने प्रश्न विचारायचं सोडलं ते गाव संपलं.’ टाळ्यांचा नुसता पाऊस. मीही वाजवल्या, माइक काखेत धरून.

आणि मग माझ्या हातात चिठ्ठ्या आल्या. पाच होत्या. चार एकाच वहीच्या पानाच्या, एकाच निळ्या शाईच्या, आणि चौघांचंही अक्षर पीएसारखं. पाचवी वेगळी होती, जिल्दीच्या आत लावतात त्या जाड कागदाची. घडी उघडायच्या आधीच मला कळलं. माझ्या कपाटातल्या अर्ध्या पुस्तकांच्या पाठीवर तेच अक्षर आहे.

‘भाऊ, आपल्या शाळेचं तुम्ही छान लिहिलं आहे. ती शाळा सोमवारी बंद करायचं ठरत आहे. ती राहील, एवढं आज इथे सगळ्यांसमोर सांगाल का?’

खाली सही नाही. वाचायला पाच सेकंद लागले असतील.

मी पहिली चिठ्ठी वाचली. ‘इतक्या व्यग्र दिनक्रमातून लेखनाला वेळ कसा काढता?’ भाऊ म्हणाले, पहाटे चारला उठतो. दुसरी, ‘तरुणांना काय संदेश द्याल?’ भाऊंनी दिला. तिसरी, ‘आपल्या यशात वहिनींचा वाटा किती?’ वहिनी पहिल्या रांगेत होत्या, त्यांना उभं करून टाळ्या झाल्या. चौथी, ‘पुढचं पुस्तक कधी?’ भाऊ हसले, पीए हसला, सगळे हसले. माझ्या हातात पाचवी राहिली.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ‘अजून आहे का काही ताई? विचारा, विचारा.’ मोकळा, हसरा चेहरा. मला आजही वाटतं, मी ती वाचली असती तर त्या माणसाने ‘राहील’ म्हटलं असतं. आत्ताच डोळे भरले होते त्याचे, एवढ्या लोकांसमोर तो नाही कसं म्हणणार होता? आणि ‘नाही’ म्हटलंच असतं, तर ते सगळ्यांनी ऐकलं तरी असतं. पण मला त्या क्षणी दिसला तो त्यांचा खिसा. त्यातून पांढऱ्या पाकिटाचं टोक बाहेर आलं होतं.

मी म्हटलं, ‘वेळेअभावी आपल्याला इथेच थांबावं लागतंय.’ आवाज अगदी स्वच्छ. एक्स्चेंजमध्ये लाइन मोकळी असताना कधी ‘नंबर बिझी आहे’ असं सांगितलं नव्हतं मी, पस्तीस वर्षांत एकदाही नाही. ते पाप वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी केलं.

चिठ्ठी पर्समध्ये गेली. पाकीट हातात आलं. फोटो छान आला.

कार्यक्रमानंतर चाचा दारात भेटले. चिवड्याची पुडी नातीच्या हातात. मी त्यांनी विचारायच्या आतच सुरू केलं, ‘अहो, फार चिठ्ठ्या झाल्या, सगळ्या घेता नाही आल्या, वेळच...’ चाचा म्हणाले, ‘होतं ताई. कार्यक्रम चांगला झाला.’ आणि नातीला म्हणाले, ‘ताईंना सलाम कर.’ तिने एका हाताने सलाम केला, दुसऱ्या हाताने पुडी घट्ट धरून ठेवली.

सोमवारी सही झाली. रडारड, मोर्चा, काही झालं नाही. शाळेच्या फाटकाला कुलूप लागलं आणि एक कागद चिकटवला गेला, बस. चिंच तेवढी आत राहिली.

मंगळवारी सकाळी चाचा माझ्या दारात. मला वाटलं, आता जाब विचारणार. पण ते भांडायला आले नव्हते. म्हणाले, ‘ताई, तुम्ही सकाळी फिरायला जाता ना? पोरीला तेवढी द्वारकेपलीकडे सोडाल का? दुपारी तिची आई कारखान्यातून सुटते, ती आणेल.’

मला काय हायसं वाटलं म्हणून सांगू! देवानेच फेडायची संधी पाठवली असं वाटलं. मी म्हटलं, ‘अहो, विचारता काय? उद्यापासून.’ त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त जेवले.

तेव्हापासून रोज सकाळी सव्वासातला मी आणि ती. पहिल्या दिवशी ती माझा हात धरीना. ‘मी काय लहान आहे का?’ म्हणाली. मग तह झाला, की तिने माझ्या ओढणीचं टोक धरायचं, म्हणजे हात धरल्यासारखा होत नाही. वाटेत तोंडाला क्षणभर विश्रांती नाही. आजी, पुलाखालची कबुतरं पुलावर का नाही बसत? आजी, ट्रकच्या मागे बाईचा डोळा का काढतात? आजी, तुमचे केस काळे आहेत की केलेत? हिच्या प्रश्नांना चिठ्ठीचा नियम लावायला हवा होता, असं एकदा मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

एकदा उलट बाजूने एक रिक्षा घुसली. मी तिला दंडाला धरून अशी मागे खेचली, की तिचं दप्तर रस्त्यावर पडलं आणि मागून आलेल्या टेम्पोचं चाक डब्यावरून गेलं. डब्याची पार चपटी पोळी झाली. ती रडली डब्यासाठी. मी घरी येऊन दार लावून रडले. त्या चाकाखाली काय येऊ शकलं असतं हे डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी तिला नवा स्टीलचा डबा दिला. ती म्हणाली, ‘आधीचा निळा होता.’

इकडे अभ्यासिकेचं छत झालं. भाऊ शब्दाला पक्के निघाले हो, चार महिन्यांत स्लॅब पडला. भिंतीवर भाऊंच्या नावाची पाटी बसली. पोरं गार सावलीत राज्यघटना पाठ करू लागली आणि वर जायचं म्हटलं की माझे पाय जड व्हायचे. जिना तोच, पायऱ्या त्याच. गुडघे दुखतात असं सांगून मी वर जाणं टाळायला लागले.

आणि मग तो फोटो आला. एका सकाळी भाऊंची गाडी सिग्नलला थांबली असताना पीएने आम्हा दोघींचा काढला असावा. मी हात वर करून बस थांबवतेय, पोरगी ओढणीला लोंबकळतेय. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या गटांत फिरला. खाली मजकूर, ‘भाऊंच्या विचारांनी प्रेरित होऊन या ज्येष्ठ ताई रोज एका चिमुकलीला शाळेत सोडतात. हेच ते आपण!’ दिवसभर माझा फोन वाजत होता. कुणी धन्य म्हणालं, कुणी साष्टांग घातला. बहिणीने पुण्याहून फोन करून विचारलं, ‘अगं, तुझा सत्कार कधी आहे?’ आमच्या समितीने खरोखरच शालीचा ठराव मांडला. म्हणजे शाळा ज्यांनी जाऊ दिली आणि चिठ्ठी जिने लपवली, ते दोघं आता एका फोटोखाली मिळून पुण्य वाटून घेत होते. मला अन्न जाईना.

दुसऱ्या दिवशी पोरीला सोडलं आणि परस्पर चाचांच्या ओट्यावर गेले. ते एका जाडजूड शब्दकोशाला शिवण घालत होते. मी बसले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरले आणि एकदम म्हटलं, ‘चाचा, त्या दिवशी तुमची चिठ्ठी माझ्या हातात आली होती. वेळ संपली नव्हती. मी वाचली नाही.’

सुई आत गेली, बाहेर आली. त्यांनी दोरा ओढून घेतला.

‘माहीत आहे ताई,’ ते म्हणाले. ‘मी दुसऱ्या रांगेत होतो. तुम्ही उघडली, वाचली, घडी घातली, पर्समध्ये टाकली. पोरगी म्हणाली पण, दादाअब्बा, त्यांनी आपला कागद ठेवून घेतला.’

मी विचारलं, ‘मग... मग मंगळवारी माझ्याकडेच कसे आलात? गल्लीत एवढी माणसं आहेत. पलीकडचे रिक्षावाले तुमचे भाचे लागतात. तुमच्या मशिदीतली माणसं आहेत. कुणीही नेलं असतं तिला.’

‘नेलं असतं,’ चाचा म्हणाले. त्यांनी गाठ मारली आणि उरलेला दोरा दातांनी तोडला. ‘पण ते उपकार झाले असते. कुणी किती दिवस उपकार करतो? आठ दिवस, पंधरा दिवस. मग एक दिवस पाऊस, एक दिवस पाहुणे. तुमचे ते उपकार नाहीत ना. तुम्ही नाही चुकवणार, हे मला माहीत होतं.’

त्यांनी शब्दकोश मिटला, वर दगड ठेवला आणि पुढचं पुस्तक हातात घेतलं.

‘अजून तिची दीड वर्षं आहेत तिथे,’ ते म्हणाले. ‘उद्या परीक्षा आहे. दहा मिनिटं लवकर या.’